वर्गात ६२ पोरं आणि सगळं इंग्रजीतून, मुलीचं पुढे कसं होईल?

चोपडा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. मुलगी तिसरीत, गावातल्याच झेडपीच्या शाळेत. घरात अहिराणी, शाळेत आत्तापर्यंत मराठी, आणि यंदा जूनपासून शाळेने ठरवलं की गणितबिणित सगळं इंग्रजीतून, वर्गात बोलायचं ते पण इंग्रजीच. पालकसभेत सर म्हणाले याला इमर्शन म्हणतात, म्हणजे मुलाला थेट भाषेत बुडवायचं, परदेशात असंच शिकवतात. पहिली ते पाचवी मिळून पट १४८, शिक्षक पाच मंजूर पण हजर तीनच, म्हणून तिसरी-चौथी एकाच खोलीत, ६२ पोरं. ताई लिहितात, "आधी घरी आली की बडबड थांबायची नाही, आता दप्तर फेकते आणि गप. काल म्हणे माले काहीच समजत नही. हिला डॉक्टर करायचंय आम्हाला. तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला टाकू का? व्हॅनने जाऊन येऊन दीड तास लागतो."

ताई, आधी तुम्ही वहीचा जो फोटो पाठवलाय त्याबद्दल बोलतो. बारा केळी, पाच खाल्ली, हाऊ मेनी बनानाज आर लेफ्ट. तिने लिहिलं चार. आधी मला पण कळेना चार कुठून आले, मग चित्र नीट बघितलं तर डाव्या बाजूला चारच केळी काढलेली आहेत. लेफ्ट म्हणजे डावा हे तिला कवायतीत शिकवलंय ना, लेफ्ट-राइट, तर तिने डावीकडची मोजली. त्यावर लाल पेनाने फुली. आणि त्याच पत्रात खाली तुम्हीच लिहिलंय की आजोबांसोबत मळ्यात गेली की घडाच्या फण्या मोजते, कापल्या किती राहिल्या किती हे आजोबांच्या आधी सांगते. म्हणजे पोरीला वजाबाकी येते हो! तिचं अडलं एका शब्दापाशी, आणि तो शब्द तिला विचारता आला नाही, कारण विचारायचं तर इंग्रजीतून, आणि ६२ जणांत हात वर करून.

आता सरांच्या इमर्शनचं. सर खोटं बोलत नाहीयेत, कॅनडात मॉन्ट्रियलजवळ सेंट लॅम्बर्टला १९६५ साली इंग्रजी बोलणाऱ्या घरातल्या मुलांना पहिल्या दिवसापासून फ्रेंचमधून शिकवायला सुरुवात झाली आणि ते चांगलं चाललं, पुढे देशभर पसरलं. पण ते आईबापांनीच मागे लागून सुरू करून घेतलं होतं, घरची भाषा इंग्रजी म्हणजे तिकडे वजनदारच, ती कुठे हरवणार नव्हती, आणि मुख्य म्हणजे सुरुवातीला मूल इंग्रजीत बोललं तरी चालायचं, बाईंना ते समजायचं, त्या उत्तर फ्रेंचमध्ये द्यायच्या. आपल्याकडे काय होतं, तर मूल अहिराणीत बोललं की आधी "शुद्ध बोल", आणि आता "इंग्लिशमध्ये बोल". याला पाण्यात उतरवणं नाही म्हणत, ढकलणं म्हणतात.

दुसरं म्हणजे भाषा बोलून येते आणि बोलायला वेळ लागतो. ३५ मिनिटांचा तास धरा, शिक्षकाने तोंडच उघडलं नाही तरी ६२ पोरांत एकेकाला जेमतेम अर्धं मिनिट येतं, आणि इथे तर दोन इयत्ता एकत्र. मग होतं काय, सर म्हणतात आणि पोरं सुरात मागे म्हणतात. ते इंग्रजी नाही, ती प्रार्थना झाली. टोरंटोचे जिम कमिन्स म्हणून अभ्यासक आहेत, नवीन देशात गेलेल्या मुलांवर त्यांनी काम केलंय, त्यांचं म्हणणं की वरवरचं बोलणं साधारण दोन वर्षांत येतं पण अभ्यासाची भाषा पक्की व्हायला पाच ते सात वर्षं लागतात. तेही चारी बाजूंनी ती भाषा कानावर पडत असताना. आपल्या गावात शाळा सुटली की इंग्रजी कुठे ऐकू येणार, सांगा.

म्हणून व्हॅनचं म्हणाल तर माझं सरळ मत, नका टाकू, निदान या वर्षी तरी नाही. मी स्वतः काही वर्षांपूर्वी एका भाऊंना "टाका टाका" म्हणून बसलो होतो, त्यांचा मुलगा दोन वर्षांत परत आला, मराठी पण तुटलेलं आणि इंग्रजी पण कच्चं, ते मला अजून खातं. तरी बघायचंच असेल तर त्या शाळेत मधल्या सुट्टीत जाऊन उभं राहा, मुलं आपसात काय बोलतायत आणि बाई बाईंशी काय बोलतात ते ऐका, एका वर्गात किती बसतात ते मोजा. बोर्डावर इंग्लिश मीडियम आणि आत पन्नास पोरं असतील तर फीशिवाय फरक काय?

डॉक्टरचं टेन्शन तिसरीत नको. नीट, म्हणजे डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा, आज मराठीतून पण देता येते. एमबीबीएस मात्र इंग्रजीतूनच शिकावं लागतं बहुतेक ठिकाणी, त्यामुळे इंग्रजी लागणारच, ते मी टाळत नाहीये. पण कधी लागणार? नवोदय विद्यालयं बघा ना, केंद्र सरकारच्या निवासी शाळा, तिथे आठवीपर्यंत मातृभाषा किंवा प्रादेशिक भाषा आणि नववीपासून गणित-विज्ञान इंग्रजीत. आणि नवोदयची परीक्षा पाचवीत असते, ८० प्रश्न, त्यातले ४० बुद्धिमत्तेचे, मराठीतून देता येते, ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना. घडाच्या फण्या तोंडी मोजणारी पोरगी आहे तुमची, चौथीपासून तयारी धरा.

शाळेत भांडायचं ते इंग्रजीवरून नका भांडू, लगेच "तुम्हाला मुलं मागे ठेवायचीत का" होतं आणि बाकी पालक पण तुमच्यावरच उलटतात. भांडायचं त्या दोन रिकाम्या जागांवरून. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीत १२१ ते २०० पटाला पाच शिक्षक, म्हणजे मंजुरी बरोबरच आहे, माणसं नाहीयेत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका, तर पुढच्या बैठकीत ठराव घ्या की दोन पदं भरा, तोवर तिसरी-चौथी वेगळी बसवा आणि गणित मराठीतून समजावून मग इंग्रजी शब्द द्या. ठरावाची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, पंचायत समितीत आवक नंबर घेऊनच द्या. तोंडी सांगितलेलं तिथे चहासोबत संपतं. सरांना पण आधी कल्पना द्या, तीन माणसांत पाच वर्ग ओढतायत ते, त्यांना हा ठराव हवाच असेल.

आणि घरी ट्यूशन लावू नका प्लीज. रोज संध्याकाळी दहा मिनिटं, आज गणितात काय झालं ते तिने आजोबांना अहिराणीत सांगायचं, न अडखळता सांगितलं म्हणजे समजलंय. मग त्यातलेच दोन शब्द इंग्रजीत, जास्त नाही. लेफ्ट म्हणजे डावा पण आणि राहिलेलं पण, हे मळ्यात फण्या कापतानाच दाखवा.

ठराव कसा लिहायचा ते अडलं तर कळवा, कच्चा मसुदा पाठवतो.