खाडा

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र रविवारी रात्री वाचले. उत्तर लिहायला मी मुद्दाम दोन दिवस थांबले, कारण त्याच रात्री लिहिले असते तर त्यात रागच अधिक उतरला असता. कर्करोगाशी झुंजणाऱ्या मुलांच्या मदतीसाठी १५ फेब्रुवारीला, म्हणजे आंतरराष्ट्रीय बालकर्करोग दिनाला, राजगडाहून तोरण्यापर्यंत एका दिवसात चालून जायचे म्हणून तू नाव नोंदवलेस. त्यासाठी नातेवाइकांकडून, कचेरीतल्या सहकाऱ्यांकडून, सोसायटीतल्या वयस्कर मंडळींकडूनसुद्धा देणग्या जमवल्यास. आता नऊ आठवडे उरले असताना तू विचारतोस की, हिंजवडीहून कोथरूडला पोहोचेपर्यंतच रात्रीचे नऊ वाजतात, तेव्हा आठवड्यातला सराव सोडून रविवारी एकदम दोनदा सिंहगड चढला तर चालेल का. आणि पत्राच्या शेवटी, जणू सहज सुचले म्हणून, दुसरा प्रश्न आहे: आपण डोंगर चढल्याने त्या मुलांचे नेमके काय भले होणार, सरळ पैसे देऊन टाकले असते तर काय बिघडले असते?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते लहान आहे. सरळ पैसे देता आले असते, पण तू तसे सांगून पैसे मागितले नाहीस. मी कष्ट उपसतो, तुम्ही हातभार लावा, असे तू लोकांना सांगितलेस. त्यांनी त्या शब्दावर पैसे दिले आणि त्यांची बाजू पूर्ण केली. तुझी बाजू १५ फेब्रुवारीच्या एका दिवसात पूर्ण होणार नाही. ती आजपासून तोपर्यंतच्या प्रत्येक ठरलेल्या पहाटे पूर्ण व्हायची आहे.

तो पैसा कुठे लागतो, हे तुला ठाऊक असले तरी पुन्हा सांगते. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग रक्ताचा, आणि त्याच्या नेहमीच्या प्रकाराचे उपचार साधारण दोन ते तीन वर्षे चालतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात, तर गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हेच प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. निदान उशिरा होते, औषधे मिळत नाहीत, ही कारणे आहेतच. पण उपचार अर्ध्यावर सुटणे हेही एक मोठे कारण आहे. खेड्यातला बाप मुलाला घेऊन शहरात येतो, इथे राहायला जागा नसते, रोजचा एसटीचा खर्च परवडत नाही, गावाकडची मजुरी बुडते, आणि मुलाला जरा बरे वाटू लागले की तो परत जातो. आधी एक फेरी चुकते, मग दुसरी, मग येणेच थांबते. तू जमवलेला पैसा त्या खोलीच्या भाड्याला, त्या एसटीच्या तिकिटाला, त्या दोन वेळच्या जेवणाला जातो. म्हणजे तो पैसा खाडा पडू नये म्हणून असतो. आणि त्याच पैशासाठी चालणारा तू मला विचारतोस की, खाडा केला तर चालेल का.

चालणार नाही.

आता तुझा पहिला प्रश्न. मार्गावरचे खरे अवघड ठिकाण चढावर नाही. पहाटे गुंजवण्याहून राजगड चढताना तुझ्या वयाच्या मुलाला फारसे काही होणार नाही. संजीवनी माचीवरून अळू दरवाजाने बाहेर पडलास की पुढे डोंगराची धार लागते. तिथे सावली जवळजवळ नाही, फेब्रुवारीतले ऊन असते, आणि पाणी पाठीवर असेल तेवढेच. तीही तू पार करशील. बुधला माचीकडची चढण, तिथली शिडी, हे सगळे ओलांडून १,४०३ मीटर उंचीच्या तोरण्यावर पोहोचशील, फोटो काढशील, आणि मग वेल्ह्याकडे उतरायला लागशील. पाय जातात ते तिथे. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो आणि दम लागतो, पण उतरताना तोच स्नायू भाराखाली ताणला जात असताना शरीराला आवर घालतो, त्यात त्याचे तंतू बारीक बारीक फाटतात. दिवसभर चाललेल्या पायांत तो आवर उरत नाही, घसाऱ्यावर पाऊल सरकते, आणि गुडघा वळायला नको तिकडे वळतो.

या उताराची तयारी दोनदा सिंहगड करून होत नाही. दम काही आठवड्यांत येतो, स्नायूही लवकर तयार होतो, पण गुडघ्याभोवतालचे कंडरे, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या, आणि सांधेबंध फार सावकाश बळकट होतात. त्यांना थोडा भार, मग सावरायला वेळ, मग पुन्हा थोडा भार, असे किती तरी आठवडे लागते. रविवारी सगळा भार एकदम टाकलास तर दुखणे सोमवारी आणि मंगळवारी चढत जाईल, गुरुवारपर्यंत तू जिना धरून उतरशील, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच. नऊ आठवड्यांनी तुझ्याजवळ सराव जमलेला नसेल, दुखणे मात्र असेल. हे मी स्वतः करून पाहिले आहे. बँकेत होते तेव्हा मीही रविवारची होते, आणि तोरण्याच्या उतारावर माझी पिशवी दोघांनी वाटून घेतली, वेल्ह्यात पोहोचेपर्यंत दिवेलागण होऊन गेली होती. त्या दिवशी माझ्यामागे सहा जणांचा दिवस गेला.

तरी माझा हा हट्ट तोरण्यावरचा नाही. तो घरच्या जिन्यातला आहे.

सदाशिव पेठेत आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहायचो, तिसऱ्या मजल्यावर एक कुटुंब होते. त्यांच्या सहा वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला. इमारतीला लिफ्ट नव्हती. त्याला जी औषधे टोचत त्यांतले एक सदाफुलीपासून निघते. त्या सदाफुलीची कुंडी माझ्या गॅलरीत होती, आणि ते मला पुष्कळ नंतर कळले. ते औषध जीव वाचवते, पण पायांच्या नसांवर परिणाम करते, आणि काही मुलांना चवडा उचलता येत नाही. तो जिना चढू लागला की मला आतून ऐकू यायचे: टाच टेकण्याआधी चवडा आपटायचा, एक पायरी, मग थांबणे, कठड्याला धरलेल्या हाताचा घासल्याचा आवाज, मग दुसरी पायरी. माझ्या दारासमोर तो खाली बसून घ्यायचा. मी दार उघडले की म्हणायचा, "मावशी, चोवीस झाल्या, अजून बारा राहिल्या." त्याला उचलून घेतलेले आवडत नसे.

त्याच्या आईने स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगले होते. रात्रीची गोळी दिली की ती त्या तारखेवर पेन्सिलीने बरोबरची खूण करायची. रक्तातल्या पेशींची संख्या फार खाली आली, म्हणजे संसर्गाचा धोका वाढला, की डॉक्टर गोळ्या काही दिवस थांबवायला सांगत, त्या तारखांवर ती गोल काढून आत 'डॉ.' असे लिहायची. दोन वर्षांत एकही तारीख कोरी नव्हती. गोळ्यांत खंड पडत राहिला तर हा आजार उलटण्याची शक्यता वाढते, हे तिला एकदा सांगितले गेले होते आणि तिला ते एकदाच सांगावे लागले. तू पत्रात लिहिलेस की शरीराला विश्रांतीही हवी. हवीच. सुट्टी आणि खाडा यांतला फरक मला त्या भिंतीवर कळला. सुट्टी आधी ठरलेली असते, तिच्यावर गोल असतो. खाड्याच्या तारखेवर काहीच नसते.

त्यांच्याकडे वाहन नव्हते, म्हणून दर गुरुवारी सकाळी सात वाजता दोघांना रुग्णालयात सोडायचे मी आपण होऊन कबूल केले होते. अकरा गुरुवार सोडले. बारावा गुरुवार १९९९च्या सप्टेंबरची ३० तारीख होती, बँकेची सहामाही अखेर. आदल्या रात्री मी जिन्यातूनच वर हाक मारून सांगितले, "उद्या तेवढी रिक्षा करा हो, एका दिवसाचा प्रश्न आहे." ती "बरं" म्हणाली. सकाळी पाऊस होता, रिक्षा मिळाली नाही, आणि पेशी खाली आलेल्या त्या मुलाला तोंडावर रुमाल बांधून तिने दोन बस बदलून, गर्दीतून नेले. नंबर मागे गेला, घरी परतायला रात्र झाली. त्याला काहीही अपाय झाला नाही. तो पुढे पूर्ण बरा झाला, आज नोकरी करतो आहे. हे सांगून मी स्वतःची समजूत घालू शकले असते, पण पुढच्या गुरुवारी सात वाजता मी गाडीची किल्ली घेऊन खाली उतरले, तेव्हा दोघे सव्वासहालाच निघून गेले होते. त्यानंतरही दर गुरुवारी ती सव्वासहालाच निघायची. तिने मला कधी एक शब्द लावला नाही, संक्रांतीला तिळगूळ दिला, गणपतीत आरतीला बोलावले. माझ्यावर अवलंबून राहणे मात्र तिने सोडून दिले. जिच्या भिंतीवर एक तारीख कोरी चालत नव्हती, तिने माझ्यासारख्या माणसाचे काय करायचे?

म्हणून माझ्याबरोबर सराव करणाऱ्यांना मी पहिल्याच दिवशी सांगते की, न कळवता दोन खाडे झाले तर तोरण्याला नेणार नाही. तीन वर्षांपूर्वी एक तरुण होता, लांब पल्ल्याच्या शर्यती धावणारा, पायांत माझ्या दसपट बळ असलेला, आणि सगळ्यांत जास्त देणगी त्यानेच आणलेली. त्याचे चार खाडे झाले. मी त्याला नाही म्हटले. तो रागावला, त्याची आई रागावली, आयोजकांनी मला फोन करून समजावले की एवढा सशक्त मुलगा सहज जाईल. कदाचित गेलाही असता. पण धारेवर एकाचा पाय गेला की सगळ्यांचा दिवस जातो, आणि त्याला खाली आणायला शेवटी वेल्ह्याच्या गावकऱ्यांना हातातले काम टाकून वर यावे लागते. त्यांनी कुणाकडून देणग्या घेतलेल्या नसतात. लोक मला हेकट म्हणतात. तो मुलगा पुन्हा आला नाही, त्याचे मला अजून वाईट वाटते. तरी उद्या तोच प्रसंग आला तर मी तेच करीन, आणि तुझ्या बाबतीतही करीन.

आता काय करायचे ते सांगते. मंगळवारी आणि गुरुवारी पहाटे पर्वती. पायऱ्या वर जाताना हव्या तशा चढ, पण उतरताना धावायचे नाही, प्रत्येक पाऊल आवरून टाकायचे. पहिल्या आठवड्यात तीन फेऱ्या, मग हळूहळू सहापर्यंत. शनिवारी वेताळ टेकडी, पाठीवर पाच लिटर पाणी घेऊन. वर गेलास की ते झाडांना घाल आणि रिकामा उतर. टेकडीवरची जुनी मंडळी झाडांसाठी असे पाणी वाहून नेतात, त्यांना विचार कुठल्या रोपाला हवे आहे. चौथ्या आठवड्यापासून निम्मे पाणी पाठीवर ठेवून उतर. रविवारी आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड, एकदाच, आणि सहाव्या आठवड्यात एकदा कात्रजहून सिंहगडापर्यंतच्या टेकड्या, म्हणजे दिवसभर चालणे काय असते ते पायांना कळेल. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार यांवर गोल काढ. शेवटचे दहा दिवस सगळेच कमी करायचे. ताप आला, गुडघा सुजला, तर त्या दिवसावरही गोल, पण त्याच सकाळी मला कळवून.

बुटांबद्दल तू पाऊण पान लिहिले आहेस. उतरताना बोटे पुढे आपटतात, म्हणून अर्धा नंबर मोठा घे, नखे वेळेवर काप, आणि नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नकोस. बूट या विषयात याहून अधिक काही नाही, आणि जेवढा वेळ तू दुकानात घालवलास तेवढ्यात पर्वतीच्या दोन पहाटा झाल्या असत्या.

रात्री नऊला घरी पोहोचतोस, हे खरे आहे, ते मी खोटे म्हणत नाही. साडेनऊला जेव आणि दहाला झोप. फोन दुसऱ्या खोलीत ठेव. नऊ आठवड्यांचा प्रश्न आहे. तीन वर्षांचा नाही.

माझ्याकडे येत्या वर्षाची एक जास्तीची दिनदर्शिका आहे, ती तुझ्यासाठी ठेवली आहे. गुरुवारी पहाटे साडेपाच वाजता मी पर्वतीच्या पायथ्याशी पहिल्या पायरीजवळ उभी असेन. अंधार असेल, विजेरी आण. पेन्सिल मी आणते.

तुझी,
मावशी