वास नेमका कुठून येतो?

प्रश्न : माझे यजमान ५४ वर्षांचे असून त्यांना ११ वर्षांपासून मधुमेह आहे. किराणा दुकानामुळे जेवणाच्या वेळा सांभाळल्या जात नाहीत, गोळ्या आठवतील तेव्हा घेतल्या जातात आणि ‘मला काही त्रास होत नाही’ हे त्यांचे ठरलेले उत्तर असते. मागच्या तपासणीत एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारा आकडा) १०.६ टक्के आले, तेव्हा डॉक्टरांनी एक नवी गोळी वाढवली. तिच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असे आहे. त्यानंतर त्यांनी नवरात्राचे नऊ दिवस नेहमीप्रमाणे उपवास केले. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांच्या तोंडाला फार पिकलेल्या फळासारखा, काहीसा नेलपॉलिश पुसण्याच्या द्रवासारखा वास येऊ लागला. उपवास सुटल्यावर तो गेला. पण अंगाला आणि आतल्या कपड्यांना एक आंबूस वास कायम आहे. दोन वेळा आंघोळ करूनही तो जात नाही. मी विषय काढला की ते चिडतात, ‘तुलाच वास येतो’ म्हणतात. हे मधुमेहामुळे होत असेल का? त्यातून मला काही संसर्ग होईल का? आणि अशी गोष्ट डॉक्टरांना सांगावी का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : तुम्ही दोन वास वेगवेगळे करून लिहिलेत, हे फार चांगले केलेत. पुष्कळ घरांत ‘घामाचा वास’ एवढ्यावर विषय संपवला जातो. प्रत्यक्षात या दोन वासांची कारणे निराळी आहेत, आणि त्यांतला जो आपोआप गेला, तोच मला अधिक काळजीचा वाटतो.

इन्सुलिन अपुरे पडले की रक्तात साखर भरपूर असूनही पेशींना ती वापरता येत नाही. मग शरीर चरबी जाळू लागते आणि यकृतात किटोन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांपैकी अ‍ॅसिटोन हे सहज उडून जाणारे द्रव्य श्वासावाटे बाहेर पडते. नेलपॉलिश पुसण्याच्या अनेक द्रवांत हेच अ‍ॅसिटोन असते, म्हणून तुमची तुलना अगदी नेमकी आहे. उपवासात निरोगी माणसाच्या शरीरातही थोडे किटोन तयार होतात. परंतु तुमच्या यजमानांची साखर आधीच अनियंत्रित होती आणि त्यात ग्लिफ्लोझिन गटातील गोळीची भर पडली होती. ही गोळी रक्तातील साखर मूत्रावाटे बाहेर टाकते. गोळी चांगलीच आहे, हृदयाला आणि मूत्रपिंडालाही तिचा उपयोग होतो. मात्र पोट रिकामे असताना तिच्यामुळे किटोन अधिक सहज वाढतात. त्यातला धोका असा की, रक्तात आम्ल साठू लागले असतानाही ग्लुकोमीटरवर साखर २०० च्या आसपास, कधी त्याहूनही कमी दिसू शकते आणि घरचे निर्धास्त राहतात. याच कारणाने नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी या गटातील गोळ्या साधारण ३ दिवस आधी बंद केल्या जातात. नऊ दिवसांच्या उपवासाचा विचारही तितक्याच गांभीर्याने व्हायला हवा होता. पण गोळी लिहून देताना ‘उपास करता का?’ असे विचारायचे आम्हा डॉक्टरांकडूनही राहून जाते.

यापुढे एकादशी असो वा नवरात्र, उपवासाच्या दिवसांत ही गोळी घ्यावी की थांबवावी, हे डॉक्टरांना आधी विचारून घ्यावे. साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा खाऊन केलेला उपवास मधुमेह्याला दुहेरी अडचणीत टाकतो : खाल्ल्यावर साखर झपाट्याने चढते आणि मधले तास रिकामे जातात. तो फळासारखा वास पुन्हा आला आणि सोबत मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागल्यासारखा खोल व जलद श्वास किंवा गुंगी यांपैकी काहीही दिसले, तर मीटरवरचा आकडा कितीही असला तरी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि ‘ही गोळी चालू आहे, किटोन तपासा’ असे स्वतःहून सांगावे. अशा रुग्णाच्या त्या खोल श्वासाचे वर्णन कुसमाउल या जर्मन वैद्याने १८७४ मध्ये केले होते. आजही तो श्वास पाहिला की अनुभवी डॉक्टर अहवालाची वाट पाहत बसत नाहीत.

आता राहिलेला आंबूस वास. कपड्यांच्या वर्णनावरून तो बहुधा जांघा, काखा किंवा गुप्तांगाच्या त्वचेवरील बुरशीचा असावा. साखरयुक्त मूत्राचे थेंब आणि घामाचा ओलावा बुरशीला पोसतात. ग्लिफ्लोझिनमुळे मूत्रातील साखर वाढत असल्याने हा त्रास त्या गोळीसोबत अधिक आढळतो. शिश्नाच्या टोकाला लाली, खाज, पांढुरका थर किंवा कातडीला चिरा पडल्या आहेत का, हे त्यांना विचारा. पुरुष हे आपण होऊन सांगत नाहीत. मेडिकलमधून स्टेरॉइड मिसळलेले तयार मलम आणून मात्र लावू नये. चार दिवस बरे वाटते आणि नंतर बुरशी अधिक चिवट होते. तुमच्या संसर्गाच्या शंकेविषयी सांगायचे, तर मधुमेह कोणाकडून कोणाला लागत नाही, पण ही बुरशी शरीरसंबंधांतून काही वेळा जोडीदाराला त्रास देऊ शकते. तुम्हालाही खाज किंवा पांढरा स्राव असेल, तर दोघांनी एकाच वेळी तपासून घ्यावे.

तोंडाला एरवीही दुर्गंधी येत असेल, तर हिरड्या दंतवैद्याला दाखवाव्यात, कारण अनियंत्रित साखरेत हिरड्या लवकर कुजतात आणि हिरड्यांचा दाह साखर आणखी वाढवतो. श्वासाला लघवीसारखा उग्र दर्प येणे मूत्रपिंड फार बिघडल्यावर घडते; क्रिएटिनीनची आणि मूत्रातील प्रथिनांची तपासणी वर्षभरात झाली नसेल, तर तीही या निमित्ताने उरकावी.

तुमच्या पत्रात पायांचा उल्लेख नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. दिवसभर दुकानात उभे राहणाऱ्या, ११ वर्षांच्या मधुमेह्याच्या तळपायाची संवेदना कमी झालेली असू शकते. चपलेतून टाचणी टोचली, बोटांच्या बेचक्यात चीर पडली, तरी त्याला दुखत नाही; जखम चिघळते आणि घरात पहिली खूण म्हणून मोज्यांना येणारा कुजका वास लक्षात येतो. अशा जखमेवर पावडर आणि अत्तर यांचा मारा करणाऱ्या घरांतून बोट कापण्याची वेळ आलेले रुग्ण मी पाहिले आहेत. आज रात्रीच त्यांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात नीट पाहा.

‘तुलाच वास येतो’ हे त्यांचे म्हणणे तसे खोटेही नाही. सतत सोबत असलेला वास नाक काही वेळाने नोंदवणे सोडून देते, त्यामुळे तो त्यांना खरोखरच जाणवत नसेल. म्हणून ‘अंगाला वास येतो’ अशी सुरुवात न करता ‘नवी गोळी उपासात चालते का, ते विचारून येऊ’ असे म्हणून त्यांना डॉक्टरांकडे न्या. तेही मुलांसमोर नको. डॉक्टरांना मात्र सगळे सांगा. समोर बोलणे अवघड वाटत असेल, तर कोणता वास, शरीराच्या कोणत्या भागाला, कोणत्या तारखेपासून आणि कशानंतर आला, हे चिठ्ठीवर लिहून ती आत पाठवा. सोबत घरातल्या गोळ्यांच्या अर्धवट संपलेल्या पट्ट्याही न्या. पट्टी केव्हा आणली आणि तिच्यात किती गोळ्या उरल्या, यावरून किती चुकल्या ते डॉक्टरांना कळेल, त्यासाठी तुम्हाला त्यांची तक्रार करावी लागणार नाही.