रिक्षा सायनला का थांबते?

प्रश्न : माझा भाचा रिक्षा चालवतो. सायन आलं की भाडं उतरवून मागे फिरावं लागतं. आमच्याकडचे एक पुढारी सांगत होते, "निवडून द्या, विधानसभेत कायदा करून रिक्षा दादरला नेतो." पण मोटारींचा कायदा दिल्लीचा ना? विधानसभेला असं करता येतं का?
— एक वाचक, चुनाभट्टी

उत्तर : करता येतं, पण त्याची गरजच नाही. पुढारी तुम्हाला लांबच्या रस्त्याने नेताहेत, तेही मीटर पाडून!

मी मंत्रालयात विधी विभागात होतो. विधेयकाचा मसुदा टेबलावर आला की आधी राज्यघटनेची सातवी अनुसूची उघडायची, विषय कुणाच्या अखत्यारीतला ते बघायला. यंत्रावर चालणारी वाहनं समवर्ती सूचीत आहेत, नोंद ३५. म्हणजे कायदा संसदही करू शकते आणि विधिमंडळही. (बैलगाडी, टांगा मात्र निखळ राज्याचा, राज्य सूचीतली नोंद १३.)

अधिकार दोघांना असला तरी वजन सारखं नाही. संसदेचा १९८८ चा मोटार वाहन कायदा आहे. राज्याचा कायदा त्याच्या आड आला, तर अनुच्छेद २५४ नुसार तेवढ्यापुरता राज्याचाच कायदा पडतो. उत्तर प्रदेशाने १९५५ साली सरकारी बससेवेसाठी कायदा केला. पुढच्याच वर्षी केंद्राने त्याच विषयावर तेव्हाच्या मोटार कायद्यात दुरुस्ती केली आणि १९५९ च्या 'दीपचंद' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सरकारी बससेवेच्या पुढच्या योजनांपुरता राज्याचा कायदा गेला. राज्यपालांनी विधेयक राष्ट्रपतींसाठी राखून ठेवलं आणि त्यांची संमती मिळाली, तर ते राज्यापुरतं टिकतं. पण संसद नंतर तेही मोडू शकते. एकट्या आमदाराचं अशासकीय विधेयक एवढे जिने चढेल, यावर मी चहासुद्धा पैजेला लावणार नाही.

आता भाच्याचं बघू. त्याला सायनला अडवतो तो त्याचा परवाना. गाडी अमुक क्षेत्रातच चालवायची, अशी अट परवान्यात घालायचा अधिकार त्याच केंद्रीय कायद्याचं कलम ७४ परिवहन प्राधिकरणाला देतं. कलम ६७ खाली राज्य सरकार प्राधिकरणाला निर्देश देऊ शकतं. भाडंही याच वाटेने ठरतं. फेब्रुवारी २०२५ पासून रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये झालं, त्यासाठी सभागृहात कुणी हात वर केला नव्हता. जे. जे. उड्डाणपुलावरची दुचाकीबंदी घ्या. तीही पोलिसांच्या अधिसूचनेने आली.

विधिमंडळाचा खरा हात चालतो तो करात. राज्य सूचीतली नोंद ५७ वाहनांवरच्या कराची. आपला मोटार वाहन कर कायदा १९५८ चा. त्या नोंदीत ट्रामही आहे बरं का! मुंबईची ट्राम १९६४ साली बंद पडली, घटनेत अजून धावते आहे.

तेव्हा भाच्याच्या युनियनने परिवहन विभागाकडे परवान्याचं क्षेत्र वाढवण्याची लेखी मागणी करावी, आणि पुढारी निवडून आलेच तर त्यांना विधेयकाऐवजी परिवहन मंत्र्यांना तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्र्यांना सभागृहात तोंडी द्यावं लागतं) विचारायला सांगावं. मागणी मान्य होईलच असं नाही. माझं मत विचाराल तर दादर स्टेशनबाहेर आधीच पाय ठेवायला जागा नाही, आणि तिथले टॅक्सीवाले हरकत घेतल्याशिवाय राहणार नाहीत.