पहिल्या दोन मॅच हरलेली कॉलेज टीम आणि तिसऱ्या शनिवारचं तिकीट

प्रश्न: मी यंदा अमेरिकेत एमएसला आलोय. आमच्या युनिव्हर्सिटीची फुटबॉल टीम पहिल्या दोन्ही मॅच घरच्या मैदानावर हरली. माझ्याकडे विद्यार्थ्यांचं सीझन तिकीट आहे. पुढच्या मॅचची तिकिटं विकून टाकू का? सुरुवातीच्या खेळावरून टीमचा अंदाज येतो का?

उत्तर: विकू नका. तिसऱ्या शनिवारचं तर अजिबात विकू नका.

युनिव्हर्सिटी कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण त्यानं फारसं अडत नाही. घरच्या मैदानावर लागोपाठ दोन मॅच हरलेली टीम मी २००७ साली मिशिगन युनिव्हर्सिटीच्या गावी, अ‍ॅन आर्बरमध्ये पाहिली आहे आणि तुम्ही आता जे करायच्या बेतात आहात ते मी तेव्हा केलेलं आहे. इतकी वर्षं झाली, अजून सलतं.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडं फुटबॉल म्हणजे पायानं खेळायचा, शाहू स्टेडियमवर, तालमीच्या टीम आणि त्यांच्यामागं अख्ख्या पेठा. अमेरिकेतला हा हातात चेंडू धरून पळायचा खेळ मला पहिलं वर्षभर कळलाच नाही. पण शनिवारी सकाळी पिवळे-निळे शर्ट घालून म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून पोराटोरांपर्यंत सगळं गाव एकाच दिशेनं चालायला लागतं, ते बघितलं आणि मला घरी आल्यासारखं वाटलं. दुसऱ्या वर्षी मी सीझन तिकीट काढलं. ते वर्ष २००७.

सीझन सुरू होताना मिशिगन देशात पाचव्या क्रमांकावर होती. क्वार्टरबॅक (पास टाकणारा, आक्रमणाचा सूत्रधार) चॅड हेनी, रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) माइक हार्ट, लेफ्ट टॅकल (समोरच्यांना अडवून धरणारा) जेक लाँग, तिघंही शेवटच्या वर्षाला. एनएफएल या व्यावसायिक लीगला जायचं सोडून ते आणखी एक सीझन खेळायला थांबले होते. १ सप्टेंबरची पहिली मॅच नॉर्थ कॅरोलायनातल्या अ‍ॅपलॅचियन स्टेटशी. ती खालच्या विभागातली टीम, पण त्या विभागात लागोपाठ दोन वर्षं विजेती. हे आमच्यातल्या किती जणांना ठाऊक होतं कोण जाणे. मला नव्हतं.

हाफटाइमला आम्ही २८-१७ मागे. त्यांचा क्वार्टरबॅक अर्मांटी एडवर्ड्स पास टाकेल म्हणून आमचे लोक मागं सरकले की तो स्वतःच चेंडू घेऊन पळायचा, पुढं आले की डोक्यावरून पास. हार्ट मांडीच्या दुखापतीनं बाहेर बसला होता. चौथ्या क्वार्टरमध्ये तो परत आला आणि ५४ यार्ड पळून टचडाउन केला, म्हणजे चेंडू थेट शेवटच्या रेषेपलीकडं नेला. आम्ही ३२-३१. मला वाटलं, सुटलो. मग त्यांनी २६ सेकंद उरले असताना फील्ड गोल (खांबांमधून किक, तीन गुण) मारला, ३४-३२. तरी हेनीनं एक लांब पास टाकून आम्हाला ३७ यार्डांच्या फील्ड गोलपर्यंत आणून ठेवलं. सहा सेकंद. आमचा विद्यार्थ्यांचा भाग संपतो तिथं जुन्या तिकीटवाल्यांचे बाक सुरू होतात. त्यात एक आजोबा कानात रेडिओची वायर घालून मॅच बघत होते. किक बसली आणि ब्लॉक झाली. आजोबांनी वायर कानातून काढली, बोटाभोवती नीट गुंडाळली, रेडिओ खिशात टाकला आणि बसून राहिले. एक लाख नऊ हजार माणसांचं स्टेडियम आणि लांब कोपऱ्यातल्या त्यांच्या मूठभर लोकांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

पुढच्या आठवड्यात क्रमवारीत मिशिगनचं नाव पहिल्या पंचवीसमध्येही नव्हतं. ८ सप्टेंबरला ओरेगॉन आली. त्यांचा डेनिस डिक्सन म्हणजे पुन्हा तोच प्रकार, पळणारा क्वार्टरबॅक. एकदा तर त्यानं चेंडू दुसऱ्याला दिल्याचं भासवलं, आमची सगळी टीम तिकडं धावली आणि हा मोकळ्या मैदानातून चालत गेल्यासारखा टचडाउन करून आला. हेनी जखमी होऊन बाहेर. ३९-७. १९६८ नंतरचा सगळ्यांत मोठा पराभव म्हणून पेपरांनी छापलं.

आता माझा रूममेट. पुण्याचा, हुशार, आकडेमोडीत पक्का. ओरेगॉनच्या मॅचहून परत येताना रस्ताभर तो एकच सांगत होता: टीम संपली, कोच लॉइड कार संपले, आता तिसऱ्या मॅचला नोटर डेमकडूनही मार खाणार, तुझ्या तिकिटाला आज गिऱ्हाईक आहे, उद्या कुत्रं विचारणार नाही. माइक हार्टनं त्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगितलं होतं की नोटर डेमविरुद्ध आम्ही जिंकणार, गॅरंटी. रूममेटनं विचारलं, तो हे कागदावर लिहून देणार का? मी हार्टचं ऐकायला हवं होतं. मी रूममेटचं ऐकलं. लॅबमधल्या एका अंडरग्रॅड पोराला तिसऱ्या मॅचचं तिकीट वीस डॉलरला दिलं आणि वर अक्कल वापरली म्हणून समाधानानं झोपलो.

१५ सप्टेंबर. आमचं भाड्याचं घर स्टेडियमपासून चालत पंधरा मिनिटांवर. मी टीव्हीसमोर, खिडकी उघडी. टीव्हीवरचं चित्र खऱ्या मॅचच्या काही सेकंद मागं असतं हे मला त्या दिवशी कळलं. टीव्हीवर अजून चेंडू सेंटरच्या (चेंडू मागं देऊन खेळ सुरू करणाऱ्याच्या) हातात, आणि खिडकीतून गर्जना आत यायची. म्हणजे आता टचडाउन होणार हे मला आधीच ठाऊक, आणि मग मी ते बघणार. तीन टचडाउन असेच बघितले. हेनीच्या जागी रायन मॅलेट नावाचं पहिल्या वर्षाचं पोर खेळलं, त्यानं तीन टचडाउन पास टाकले. हार्ट १८७ यार्ड पळाला. ३८-०. तिसऱ्या टचडाउननंतर मी उठून खिडकी लावली.

रात्री कॉलिंग कार्डावरून कोल्हापूरला फोन लावला. आप्पा पाटाकडील तालमीचे जुने चाहते. त्यांना अमेरिकन फुटबॉलमधलं काही कळत नसे, पण दर आठवड्याला स्कोअर विचारायचे. मी म्हटलं, जिंकलो, ३८-०. म्हणाले, "झकास! कसं वाटलं मैदानात?" मी खरं ते सांगितलं. थोडा वेळ फोनवर काहीच नाही. मग म्हणाले, "तिकीट इकलंस व्हय? पाटाकडील हरायली म्हणून मी कधी गॅलरी सोडून घरी आलोय काय रं?" आणि फोन आईकडं दिला.

असो. तुमचा प्रश्न अंदाजाचा होता.

त्या शनिवारी मैदानात उतरलेल्या दोन्ही टीम ०-२ (शून्य विजय, दोन पराभव) होत्या, हे लक्षात घ्या. नोटर डेमही दोन्ही हरून आली होती. तिथून मिशिगननं लागोपाठ आठ मॅच जिंकल्या आणि ९-४ वर सीझन संपवला. नोटर डेम ३-९ वर संपली. त्या शनिवारी मात्र गुणतक्त्यावर दोघी एकसारख्या होत्या. म्हणून ०-२ वरून काहीच कळत नाही, हे मी ठामपणे सांगतो. कळतं ते कसं हरले त्यावरून. मिशिगननं हरलेल्या पहिल्या मॅचमध्येही ३२ गुण केले होते, हार्ट त्या दिवशीही १८८ यार्ड पळाला होता, कारण जेक लाँग आणि त्याची ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे क्वार्टरबॅकच्या पुढं उभे राहणारे पाच जण, समोरच्यांना ढकलत होती. नोटर डेमच्या आक्रमणाला पहिल्या तिन्ही मॅचमध्ये एकही टचडाउन जमला नाही. त्यांचा क्वार्टरबॅक पास टाकायच्या आतच आडवा होत होता. स्कोअरबोर्ड बाजूला ठेवून लाइन बघा. चेंडू निघाल्यावर पहिल्या दोन सेकंदांत तुमचे पाच जण पुढं सरकतात की मागं, एवढं चार-पाच वेळा बघितलंत तर डिसेंबरचा अंदाज येतो. पुढं सरकत असतील आणि तरी हरत असाल, तर टर्नओव्हर (चेंडू समोरच्यांच्या हाती घालवणं), किक, नवखा क्वार्टरबॅक असलं काहीतरी असतं आणि ते सुधारतं. लाइन मात्र सीझनच्या मध्यात सुधारलेली मी फार क्वचित बघितली आहे.

दुसरं म्हणजे पुढचं वेळापत्रक वाचा. आमचा बचाव पळणाऱ्या क्वार्टरबॅकपुढं उघडा पडत होता. मिशिगन ज्या गटात खेळते त्या बिग टेनमध्ये त्या वर्षी तसा खेळ करणाऱ्या टीम थोड्याच होत्या, त्यामुळे तो दोष झाकला गेला. पेन स्टेटला १४-९ हरवलं तेव्हा हार्टला ४४ वेळा चेंडू दिला होता. देखणं काही नव्हतं, पण जिंकलो.

रूममेटचं म्हणणं आजतागायत असं की तोच बरोबर होता, कारण दोष खरा होता. दोष खरा होता हे मी कधी नाकारलंय? पण 'टीम संपली' हे तो बोलला होता आणि ते खोटं ठरलं. १ जानेवारी २००८ ला ऑर्लँडोत फ्लोरिडाविरुद्ध खेळलो, समोर टिम टीबो, त्या वर्षीचा हाइझमन (कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) विजेता, पळणारा क्वार्टरबॅक. आम्ही ४१-३५ जिंकलो. हेनीचे ३७३ यार्ड. कार यांची ती शेवटची मॅच, पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलं. ज्या माणसानं १९९७ मध्ये एकही मॅच न हरता विजेतेपद आणलं, त्याला दोन शनिवारांवरून नालायक ठरवणारे तेव्हा गावात पुष्कळ होते. कार यांनी निवृत्ती घेतली, नवा कोच आणि नवी पद्धत आली आणि पुढच्या वर्षी ३-९. सप्टेंबरात कोच बदला म्हणून ओरडणाऱ्यांनी तो २००८ चा सीझन बसून पूर्ण बघायला हवा होता.

ओहायो स्टेट म्हणजे आमचे कट्टर प्रतिस्पर्धी, त्यांचं नाव घ्यायला मला आवडत नाही, पण तुमच्या उपयोगाचं आहे म्हणून लिहितो. २०१४ मध्ये ते दुसरीच मॅच घरच्या मैदानावर व्हर्जिनिया टेककडून ३५-२१ हरले आणि जानेवारीत राष्ट्रीय विजेते झाले. २०२४ मध्ये नोटर डेम दुसऱ्या मॅचला नॉर्दर्न इलिनॉयकडून घरच्या मैदानावर १६-१४ हरली आणि अंतिम सामन्यापर्यंत गेली. त्या वर्षी विजेते ठरलेले ओहायो स्टेटवालेही दोन मॅच हरलेले होते, त्यातली एक आमच्याकडून, १३-१०. आता राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या प्लेऑफला बारा टीम घेतात, त्यामुळे दोन पराभवांनी पूर्वीसारखी दारं बंद होत नाहीत.

हे लिहिताना काही गोष्टी राहिल्या. तुमची टीम जर त्या २००७ च्या नोटर डेमसारखी असेल, तर माझं सगळं गणित तुम्हाला लागू नाही. हेनी, हार्ट, लाँग यांच्यासारखे तीन जण टीममध्ये नसतील तर आठ सलग विजयांची आशा धरू नका. पैशांची खरोखर ओढाताण असेल तर लांबच्या, कमजोर पाहुण्या टीमची एखादी मॅच विका, त्यात कमीपणा नाही. मिडटर्मच्या आदल्या दिवशीची मॅच हा तुमचा तुम्ही निर्णय घ्या. आणि हेही खरं की त्या तिघांना चार वर्षांत एकदाही ओहायो स्टेटला हरवता आलं नाही, म्हणजे ज्यासाठी थांबले ते झालंच नाही.

त्या तिघांची ओहायो स्टेटशी शेवटची मॅच १७ नोव्हेंबर २००७ ला आमच्याकडेच होती. थंडी आणि वर पाऊस. हेनीचा खांदा गेलेला, हार्टचा घोटा सुजलेला. रूममेट म्हणाला, घरी बघू. मी एकटा गेलो. प्लॅस्टिकच्या रेनकोटमध्ये चार तास ओल्या बाकावर बसलो, बोटं इतकी आखडली की बाहेर पडल्यावर फोनची बटणं दाबता येईनात. १४-३ हरलो. रात्री कोल्हापूरला फोन लावला तेव्हा तिकडं रविवारची सकाळ होती. आप्पांनी स्कोअर विचारलाच नाही.

"शेवटपत्तोर हुतास न्हवं?"

"होतो."

"मग सांग आता, कसं झालं."

कार्डावरचे पैसे संपेपर्यंत आम्ही बोलत होतो.