एमबीए झालं, आता धंदा कोणता शिकणार?

या महिन्याच्या टपालात एमबीएनंतर पुढे काय, असं विचारणारी पत्रं जास्त आहेत. माझी नोकरी कोल्हापूर-सांगली पट्ट्यात बँकेत लघुउद्योगांची कर्जप्रकरणं तपासण्यात गेली, त्यामुळे उत्तरं त्याच नजरेतून आली आहेत. तीन पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली, कारण तसं पत्र थोड्याफार फरकानं बऱ्याच जणांनी लिहिलंय.

प्रश्न : ताई, मी इचलकरंजीचा, वय २४. पुण्यातून फायनान्समध्ये एमबीए केलं. शैक्षणिक कर्ज साडेसहा लाख. दोन ऑफर आहेत. पुण्यात खासगी बँकेत रिलेशनशिप मॅनेजर, पॅकेज ५.२ लाख. कोल्हापुरात एका वित्त कंपनीत क्रेडिट ट्रेनी, ३.६ लाख. घरी वडिलांचे बारा यंत्रमाग आहेत, जॉबवर चालतात. वडील म्हणतात एमपीएससी कर, मित्र म्हणतात पुणे सोडू नकोस. काय करू?

उत्तर : कोल्हापूरची ऑफर घे.

आधी पैशाचा हिशोब करू, कारण घरात चर्चा त्याचीच चालली असणार. ऑफर लेटरच्या शेवटी पगाराचा तक्ता असतो, तो काढून बस. ५.२ लाखांत व्हेरिएबल किती आहे? कंपनीचा पीएफचा वाटा आणि ग्रॅच्युइटी त्यातच धरली आहे का? अशा पदांना ऐंशी हजार, लाखभर व्हेरिएबल असणं नवं नाही, आणि ते टार्गेट गाठलं तरच मिळतं. ते वजा केलं तर हातात महिन्याला बत्तीस हजारांच्या आसपास येतील. त्यातून पुण्यातलं खोलीभाडं, मेस, पेट्रोल आणि कर्जाचा हप्ता. साडेसहा लाखांवर दहा टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत धरली तर हप्ता साधारण ८,६०० रुपये बसतो, पंधरा वर्षं धरली तर ७,००० च्या जवळ. कोल्हापूरला घरून ये-जा केलीस तर पंचवीस हजारांतही हप्ता भरून तुझ्या हाती पुण्याइतकेच उरतील. कोर्स संपल्यावर साधारण वर्षभर हप्ता सुरू होत नाही, पण व्याज चढतच असतं. पहिल्या पगारापासून निदान व्याज तरी भरत जा. जुनी करप्रणाली निवडलीस तर त्या व्याजावर आठ वर्षं वजावटही मिळते.

आता कामाचं. रिलेशनशिप मॅनेजरचं काम म्हणजे चालू खाती आणणं, विमा, म्युच्युअल फंड, कार्ड विकणं. माणसांत रमणारी मुलं त्यात फार पुढे जातात, त्या कामाला मी नावं ठेवणार नाही. पण दोन वर्षांनी तुझ्याजवळ काय साठलेलं असेल? बँकेच्या योजना तोंडपाठ असतील आणि ग्राहकांची यादी असेल. बँक बदललीस की योजना बदलणार, आणि यादी बँकेचीच राहणार.

क्रेडिटच्या टेबलावर, म्हणजे कर्जाचे अर्ज तपासताना, माणूस धंदा वाचायला शिकतो. एक उदाहरण देते, तुझ्याच गावचं. कॅश क्रेडिट, म्हणजे माल आणि येणी तारण ठेवून लागेल तसं उचलायचं कर्ज, घेतलेला कारखानदार दर महिन्याला बँकेला स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे माल, देणी आणि येणी यांचा तक्ता देतो. समज, त्यात माल ४० लाखांचा, सुताच्या व्यापाऱ्यांचं देणं १२ लाख आणि तीन महिन्यांच्या आतली येणी २० लाख. ज्या मालाचे पैसेच द्यायचे आहेत तो धरायचा नाही, म्हणून माल उरला २८ लाखांचा. त्यावर २५ टक्के मार्जिन, म्हणजे कारखानदाराचा स्वतःचा वाटा, ठेवलं तर २१ लाख. येण्यांवर ४० टक्के ठेवलं तर १२ लाख. मिळून ड्रॉइंग पॉवर, म्हणजे उचल करायची मर्यादा, ३३ लाख. मंजुरी ५० लाखांची असली तरी त्या महिन्यात उचल ३३ लाखांपर्यंतच. एवढं गणित कॉलेजात शिकवतात.

कॉलेजात न शिकवलेली गोष्ट शेडमध्ये गेल्यावर कळते. भिंतीला सुताची पोती लावलेली असतात, बीम भरलेले असतात, ग्रे कापडाचे तागे असतात. नवा अधिकारी मोजतो आणि आकडा जुळला म्हणून खूश होऊन परत येतो. पण कारखाना जॉबवर चालत असेल तर त्यातलं सूत व्यापाऱ्याचं आहे, कापडही त्याचंच. मालकाची फक्त मजुरी. हे ओळखायचं कसं? जीएसटीत जॉबवर्कचा माल डिलिव्हरी चलनावर येतो, त्याला खरेदीचं बिल नसतं. त्यामुळे पोती मोजण्याआधी चलनांची फाइल मागायची. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या मुलाला मी हे जागेवर उभं करून दाखवलंय. बहुतेकांना ते कळायला वेळ लागला. तू बारा मागांच्या घरात वाढलास, तुला हे वाक्य पुरं व्हायच्या आत कळलं असेल. पुण्यातल्या वर्गात तुझ्या शेजारी बसणाऱ्या कुणाकडेही हे भांडवल नव्हतं, आणि तुझ्या पत्रात त्याचा उल्लेख नुसता घरची परिस्थिती सांगताना आलाय. मला ते वाचून हळहळ वाटली.

मागांवर परत ये, असं मी म्हणत नाहीये. वडिलांनाही ते नको असेल, म्हणूनच त्यांनी एमपीएससीचं नाव काढलंय. पण वस्त्रोद्योगाचा पैसा कुठे अडतो, मजुरी किती दिवसांनी सुटते, मंदीत आधी काय थांबतं, हे तुला आतून माहीत आहे. त्यावर क्रेडिटचं शिक्षण चढलं की दोन-तीन वर्षांनी वाटा उघडतात. राष्ट्रीयीकृत बँका अधूनमधून क्रेडिट ऑफिसरच्या थेट जागा काढतात. पतमानांकन संस्था आहेत. आणि ज्या क्षेत्राकडे तुमच्या कॉलेजांचं अजून नीट लक्ष गेलेलं दिसत नाही, ते म्हणजे पुरवठादारांची बिलं वटवून देणारे ट्रेड्स (TReDS) नावाचे ऑनलाइन प्लॅटफॉर्म. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना आता तिथं नोंदणी सक्तीची आहे. शिवाय सूक्ष्म आणि लघु उत्पादकांचं देणं ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिलं नाही, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत प्राप्तिकरात खर्च म्हणून धरता येत नाही, असा नियम २०२४ पासून लागू झालाय. या दोन्ही गोष्टींमुळे छोट्या कारखानदाराची भाषा कळणारी आणि ताळेबंद वाचता येणारी माणसं लागणार आहेत.

कोल्हापूरच्या कंपनीला हो म्हणण्याआधी एवढं विचार : प्रत्यक्ष पाहणीला मला नेणार का, की नुसती कागदपत्रं स्कॅन करायला बसवणार? वसुली किती महिने करावी लागेल? थोडी वसुली जरूर कर, ती डोळे उघडते. वर्षभर फक्त वसुलीच असेल तर मात्र नको. आणि ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा बाँड असेल तर त्याची रक्कम लेखी घे.

एमपीएससीला पदवी पुरते, त्यासाठी एमबीएवर साडेसहा लाख घालायची गरज नव्हती. मनापासून ओढ असेल तर नोकरी करून दोन प्रयत्न दे, वडिलांना तसं स्पष्ट सांग. ओढ नसेल तर त्यांच्या समाधानासाठी चार वर्षं अभ्यासिकेत घालवू नकोस.

प्रश्न : मी एचआरमध्ये एमबीए, २०१४ ची. लग्नानंतर दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण, नऊ वर्षं घरी. आता नाशिकला सिडकोत राहते. वय ३६. मुलाखतीला गेलं की "गॅप फार आहे" एवढंच ऐकायला मिळतं. नव्यानं एखादा कोर्स करू का?

उत्तर : मोठा कोर्स करू नका, पैसे वाचवा. रिक्रूटमेंट आणि ट्रेनिंगच्या जागांसाठी तुमची स्पर्धा पंचविशीतल्या मुलींशी होईल. तुम्ही पगारपत्रक आणि कामगार कायद्यांच्या कामातून आत शिरा. जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत आणि कामगार कायद्याचं जुनं ज्ञान सगळ्यांचंच एकदम मागे पडलंय. तुमची गॅप नऊ वर्षांची असेल, पण या विषयात नोकरीतली माणसंही आत्ताच शिकतायत.

वेतनाची नवी व्याख्या आधी पक्की करा : भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले तर वरची रक्कम वेतनात धरली जाते, आणि त्यानं ग्रॅच्युइटीचा हिशोब बदलतो. ठरावीक मुदतीच्या कामगाराला आता एका वर्षावर ग्रॅच्युइटी आहे. पीएफची १५,००० आणि ईएसआयची (कामगार विम्याची) २१,००० ही महिन्याच्या वेतनाची मर्यादा, आणि दर महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरायची चलनं, हे हातात बसवा. अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांचं हे काम करणारे सल्लागार आहेत, त्यांची छोटी ऑफिसं असतात. तिथं सहा महिने कमी पगारावर बसावं लागलं तरी बसा. एकदा दहा कारखान्यांचे पगार तुमच्या हातून निघाले की मुलाखतीत बोलणं त्यावर होईल. आणि सासूबाईंच्या आजारपणाबद्दल तिथं खाली मान घालून बोलू नका. घर तुम्ही सांभाळलंत, ते सरळ सांगा.

प्रश्न : मॅडम, मी बी.एस्सी. ॲग्री आणि नंतर ॲग्रिबिझनेसमध्ये एमबीए. गाव लातूर जिल्ह्यात. जवळच्या शेतकरी उत्पादक कंपनीत सीईओ म्हणून बोलावतायत, पगार २५ हजार. मित्र खत कंपनीत ४० हजारांवर लागलेत. सीईओ हे नाव मोठं वाटतं, पण भीती वाटते.

उत्तर : भीती वाटते हे बरं आहे, पण ती पगाराची नको. एकच गोष्ट आधी शोधून काढा : तुमचा पगार कोण देणार? केंद्राच्या दहा हजार शेतकरी उत्पादक संस्थांच्या २०२० च्या योजनेत कंपनीला व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत मिळून १८ लाखांपर्यंत मदत मिळते. सीईओचा पगार बहुधा त्यातूनच निघतो. तुम्हाला बोलावणारी कंपनी या तीनपैकी कितव्या वर्षात आहे? पहिल्या वर्षात असेल तर तुमच्याकडे वेळ आहे. तिसरं संपत आलं असेल, तर कंपनीनं स्वतःच्या व्यापारातून तुमचा पगार काढला पाहिजे, आणि तो व्यापार आज किती आहे ते लेखापरीक्षित ताळेबंदात बघा. संचालकांनी ताळेबंद दाखवायला टाळाटाळ केली तर तिथं जाऊ नका.

दाखवला आणि आकडे खरे असतील, तर जरूर जा. लातूरला सोयाबीनच्या हंगामात सहा आठवडे खरेदी केंद्रावर उभं राहिलात की शेतमालाचा व्यापार कळेल. हमीभाव खरेदीला ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. २०२४ च्या हंगामात केंद्र सरकारनं तो १५ पर्यंत चालवून घेतला, तरी खरेदी केंद्रांवर वाद झालेच. रात्री पाऊस पडलाय, सकाळी ट्रॅक्टरांची रांग लागलीय, आणि तुमच्या हातातलं मॉइश्चर मीटर १६ दाखवतंय. समोरचा शेतकरी तुमच्या कंपनीचा सभासद आहे आणि तुम्हाला लहानपणापासून ओळखतो. माल परत पाठवायचा, वाळवायला जागा द्यायची, की दर कमी करून बाजारासाठी घ्यायचा? सीईओचं खरं काम हेच आहे. त्यासोबत गोदाम पावतीवर तारण कर्ज काढायला शिका, म्हणजे काढणीच्या पडत्या दरात सभासदाला माल विकावा लागणार नाही.

खत कंपनीतले मित्र चांगलं काम करतायत. पण त्यांना शेतकऱ्याला माल विकायचा अनुभव मिळेल, तुम्हाला शेतकऱ्याचा माल विकायचा. तेलगिरण्या, निर्यातदार, बँकांचे कृषी विभाग, सगळ्यांना हा दुसरा अनुभव असलेला माणूस लागतो आणि तो सहसा सापडत नाही. तीन हंगाम करा. पगाराचं बोलणं दुसऱ्या हंगामानंतर, उलाढालीचा आकडा समोर ठेवून करा, आणि नफ्यातल्या वाट्याची अट नेमणूकपत्रात आत्ताच लिहून घ्या.