ॲड्रिनल ग्रंथींचं काम काय? एक काढली तर दुसरीवर भागतं का?

वडिलांच्या डाव्या ॲड्रिनलवर गाठ निघाली आहे, ग्रंथी काढायची म्हणतात, मग एकीवर भागेल का, असं तुम्ही विचारलंय. भागतं. दुसरी धड असेल तर एक पुरते. पण शेवटी तुम्ही लिहिलंय, 'ऑपरेशननंतर स्टिरॉइड देतात म्हणे, ते घ्यायचं नाही असं घरच्यांनी ठरवलंय.' ते वाचलं आणि लिहायला बसले.

माझ्या आईच्या दोन्ही ॲड्रिनल टीबीने गेल्या. आम्ही तेव्हा पुण्यात सहकारनगरला राहायचो, आई रोज सकाळी पर्वती चढायची. त्या वर्षी ती निम्म्या पायऱ्यांवर बसायला लागली. वजन नऊ किलो उतरलं, रंग काळवंडला. सोसायटीतल्या बायका म्हणायच्या, उन्हात फिरू नका. एकीने मसुरीचं पीठ लावायला सांगितलं. आणि मीठ! लोणच्याच्या बरणीतला खार ती चमच्याने खायची, भाजी चिरता चिरता खडेमीठ तोंडात टाकायची. बीपी वाढेल म्हणून मी ओरडायचे. तिचं बीपी नव्वदच्या वर जात नव्हतं.

चौथ्या डॉक्टरांनी तिचा हात खिडकीपाशी नेला आणि तळवा उघडला. ऊन हाताच्या पाठीला लागतं, तळव्याच्या रेषांना नाही. आईच्या रेषा तपकिरी पेनाने गिरवल्यासारख्या दिसत होत्या. रोज त्या हातचं जेवत होते, मला कधी दिसल्या नव्हत्या. मग त्यांनी खालचा ओठ ओढून हिरड्या पाहिल्या, तिथेही डाग. रक्तातलं सकाळी आठचं कॉर्टिसॉल, म्हणजे ॲड्रिनल बनवते ते एक हार्मोन, तपासायला सांगितलं, कारण ते सकाळीच सगळ्यात जास्त असायला हवं. आईचं जवळजवळ नव्हतंच.

चार-पाच ग्रॅमची ग्रंथी, मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली. उजवी तिकोनी, डावी चंद्रकोरीसारखी. गाभ्यातून ॲड्रिनॅलिन येतं, आणि सगळे त्याचंच नाव घेतात. पण त्याच्यावाचून माणूस जगतो. कॉर्टिसॉलवाचून जगत नाही, आणि ते येतं बाहेरच्या सालीतून. त्याच सालीतलं अल्डोस्टेरॉन मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावतं. आईचं मीठ लघवीवाटे वाहून जात होतं, म्हणून जीभ ते मागत होती. कॉर्टिसॉल कमी पडलं की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच, म्हणजे ॲड्रिनलला कामाला लावणारं हार्मोन, सोडतच राहते, आणि त्याचा अतिरेक कातडीचा रंग गडद करतो. डॉक्टर थॉमस ॲडिसन यांनी लंडनमध्ये 1855 साली हा अशक्तपणा आणि हा काळवंडलेला रंग लिहून ठेवला होता. आजाराला नाव त्यांचंच आहे. त्या काळी यातून कोणी वाचत नसे.

कॉर्टिसॉलच्या जागी हायड्रोकॉर्टिसोन आणि अल्डोस्टेरॉनच्या जागी फ्लुड्रोकॉर्टिसोन अशा गोळ्या सुरू झाल्या आणि तीन महिन्यांत आई पुन्हा पर्वतीवर गेली. मग गणपतीत थोरले काका आले. गोळ्यांची पाकिटं हातात घेऊन म्हणाले, 'वहिनी, हे स्टिरॉइड आहे. हाडं पोकळ होतात. विष आहे हे.' मोठ्यांचा शब्द, आईने ऋषिपंचमीपासून गोळ्या बंद केल्या आणि मला सांगितलं नाही. गौरी जेवायच्या दिवशी उलट्या सुरू झाल्या. संध्याकाळी ती मोरीपाशी पडली. हॉस्पिटलात बीपी सत्तर, रक्तातलं सोडियम 116, म्हणजे फारच कमी. शिरेतून 100 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन आणि भराभर सलाइन दिलं. पहाटे तिने डोळे उघडून चहा मागितला.

काका आजही म्हणतात की ते उपासामुळे झालं. नाही. ते गोळ्या थांबवल्यामुळे झालं. हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे तुमची-माझी ॲड्रिनल जे कॉर्टिसॉल बनवते तेच, रेणू न् रेणू तोच. ज्याच्या अंगात ते बनत नाही त्याला ते देणं आणि दम्याला किंवा सांध्यांना महिनोन्महिने मोठा डोस देणं, यात फरक आहे. मोठ्या डोसने हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, हे खरंच आहे. काकांनी कोणाचं तरी तसं पाहिलं असेल. पण त्या भीतीवर दुसऱ्याच्या गोळ्या बंद करायच्या नसतात.

आता तुमच्या वडिलांचं. त्यांची गाठ जादा कॉर्टिसॉल बनवते का, हे डॉक्टरांना आधी विचारा. बनवत असेल तर पिट्युटरी गप्प बसलेली असते आणि उजवी ॲड्रिनल धडधाकट असूनही झोपलेली असते. तिला जागं व्हायला कित्येक महिने, कधी वर्षही लागतं, तोवर गोळ्या लागतात आणि डॉक्टर सांगतील तशाच कमी करत न्यायच्या. गाठ तशी नसेल तर बहुधा लागणारही नाहीत. मी डॉक्टर नाही, शाळेत गणित शिकवते. डोस मला विचारू नका. पण गोळ्या सुरू झाल्या तर दोन गोष्टी आजच विचारून ठेवा: ताप आला तर डोस किती वाढवायचा, आणि उलट्या होऊन गोळी पोटात टिकली नाही तर इंजेक्शनसाठी कुठे जायचं. आईच्या पर्समध्ये हे दोन्ही एका चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, आणि फ्रीजच्या दारावरही, काकांना दिसेल असं.