जुन्या कोळसा खाणीच्या पट्ट्यात घर घेताना

भुसावळ

चि. यास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. चंद्रपूरच्या शाळेत तू कायम झालास, आता घुग्घुसच्या बाजूला घर पाहतो आहेस आणि वडील यंदाच्या केळीच्या पैशातून इसार द्यायला तयार आहेत, हे वाचून समाधान वाटले. घराचे फोटोही पाहिले. बांधकाम नीटनेटके दिसते. परंतु पाया भक्कम आहे म्हणून तू जो निश्चिंत झाला आहेस, ती निश्चिंती आपल्या तापीकाठची आहे, तिथली नव्हे.

आपल्याकडे घराला त्रास होतो तो वरच्या मातीचा. रेगड, म्हणजे आपली काळी माती, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंती तडकतात. म्हणून आपण मुरूम लागेपर्यंत खोदतो आणि एकदा मुरूम लागला की चिंता सोडतो, कारण त्याखाली काळा पाषाणच असतो. कोळशाशी आपला संबंध दीपनगरच्या वीज केंद्राला येणाऱ्या मालगाडीच्या वाघिणींपुरता. तुझ्याकडचा, वर्धा खोऱ्यातला खडक वेगळा, कोळशाचे थर पोटात घेतलेला, आणि तो कोळसा काढून नेल्यावर राहणारी पोकळी पायाच्या कितीतरी खाली असते. तिथे जमीनच खाली गेली, तर भक्कम पायाही तिच्याबरोबर खाली जातो.

भूमिगत खाणीत कोळसा काढताना छत तोलण्यासाठी कोळशाचेच चौकोनी खांब सोडतात. पुढे कित्येक खाणींत परत येताना तेही खांब काढले जातात, आणि मग एकतर वाळू भरून पोकळी बुजवतात किंवा छत मुद्दाम पडू देतात. खाण खोल असेल तर जमीन मोठ्या पट्ट्यात हळूहळू खचते. खाण उथळ असेल तर मात्र वर्षानुवर्षे काहीच होत नाही आणि एखाद्या पावसाळ्यात, पाणी मुरून माती जड झाली की, अचानक खड्डा पडतो. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्याच आमराई वॉर्डात एक अख्खे घर पाहता पाहता जमिनीत गेले. घरातली माणसे वेळीच बाहेर पडली, म्हणून वाचली. तुझ्या घरापासून तो वॉर्ड किती अंतरावर आहे, हे तू पत्रात लिहिलेले नाहीस. ते आधी कळव.

म्हणून पहिला प्रश्न घरमालकाला नको, खाणीच्या नकाशाला विचार. १९७३ मध्ये दगडी कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, त्याआधी त्या खासगी मालकांकडे होत्या, आणि त्या काळातले सगळेच नकाशे आजच्या काटेकोरपणाने काढलेले नसणार. तरीही जे आहे ते वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीच्या, क्षेत्रीय कार्यालयातील सर्वेक्षण विभागाकडे मिळू शकते. सातबाऱ्यावरचा गट क्रमांक देऊन माहितीच्या अधिकारात अर्ज कर आणि मोजके विचार: या गटाखाली भूमिगत काम झाले आहे का, किती खोलीवर, खांब काढले का, वाळू भरली का, आणि खाण कोणत्या वर्षी बंद झाली. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. खाण सुरक्षा महानिदेशालयाचे कार्यालय नागपूरला आहे. बंद खाणींचे नकाशे त्यांच्याकडे जमा करावे लागतात, म्हणून दुसरा अर्ज तिकडे टाक. इंग्लंडमध्ये असे घर घेताना वकील खाणीचा ठरावीक अहवाल मागवतोच. आपल्याकडे ती रीत नाही, त्यामुळे ही खटपट खरेदीदारालाच करावी लागते.

दुसरी गोष्ट जमिनीच्या मालकीची, आणि माझ्या मते फसगत इथेच अधिक होते. कोळसा क्षेत्रातली पुष्कळ जमीन १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र अधिनियमाखाली संपादित झालेली आहे. अशा जमिनीवर बसलेल्या वस्तीतली घरे नोटरी केलेल्या मुद्रांकावर विकली जातात, घरपट्टीची पावती आणि वीजबिल दाखवले जाते, आणि घेणाऱ्याला वाटते की व्यवहार झाला. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे. सातबाऱ्यावरील इतर हक्कांचा रकाना, फेरफार, बिनशेतीचा आदेश आणि मालकीचा ३० वर्षांचा शोध अहवाल हे सगळे वकिलाकडून तपासून घे. तो वकील विकणाऱ्याचा नसावा. बँक कर्ज देते आहे म्हणजे जागा निर्धोक आहे, असेही समजू नकोस.

मग घर पाहा, आणि जमल्यास पावसाळा संपता संपता पाहा. रेगडीची भेग बहुधा उन्हाळ्यात उघडते आणि पावसाळ्यात मिटते. खालची जमीन खचते तेव्हा भेग केवळ रुंदावत जाते. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिही, आणि मधोमध काचेची पातळ पट्टी प्लास्टरने चिकटवून ये. पुढच्या खेपेला काच तडकलेली दिसली, तर भिंत अजून हलते आहे. गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी घेऊन जोत्याचे चारही कोपरे मापून बघ. कुंपणाची भिंत मध्ये झुकली आहे का, अंगणात पाणी नव्याने एका जागी साचते का, हेही पाहा. शेजारच्या म्हाताऱ्यांना विहिरीबद्दल विचार, कारण पाणी अचानक आटले किंवा चढले असेल तर त्यांना ते नक्की आठवते. घर नव्याने रंगवलेले असेल तर मला जरा संशयच येतो, पण तो माझा स्वभाव.

खुल्या खाणीजवळचे घर असेल तर स्फोटांचे हादरे आणि धूळ आहेच. मात्र खाणीचा खड्डा मातीने भरून त्यावर पाडलेले भूखंड असतील, तर ते सरळ सोडून दे. तसा भराव वर्षानुवर्षे बसत राहतो.

विम्याबद्दल विचारले होतेस. २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत जमीन खचण्याचा धोका धरलेला आहे. परंतु बांधकाम नैसर्गिकपणे बसल्याने पडणाऱ्या भेगा आणि खोदकामामुळे झालेले नुकसान त्यातून वगळलेले आहे. जुन्या खाणीला ते खोदकाम समजतात की नाही, हे कंपनीकडून लेखी घे. एजंटचे तोंडी आश्वासन चालणार नाही.

वडिलांना सांग, अर्जाचे उत्तर हाती येईपर्यंत इसार पावती करू नका. विकणारा म्हणेल की दुसरे गिऱ्हाईक उभे आहे. तर असू दे. गट क्रमांक आणि सातबाऱ्याची प्रत मला पाठव, दोन्ही अर्जांचे मसुदे मी लिहून देतो.

तुझा,
नाना